तीन बोटांचे माप

(संस्थेच्या आरोग्य प्रबोधन कार्यक्रमात चंद्रपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेत कारकून आहोत. शिक्षण कला शाखेचे. डॉक्टरकीशी आमचा संबंध औषधाच्या बिलापुरता. तेव्हा भूल आणि भुलीच्या नळ्या या विषयावर आम्ही बोलणार असे कळल्यावर काही मित्रांनी आम्हांला विचारले, "साहेब, हे तुमचे खाते आहे का?" खाते आमचे नाही हे खरे. पण गेल्या काही दिवसांत या विषयाने आमच्या घरात येऊन आम्हांला शिकविले. जे शिकलो ते आपल्यासमोर ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो. डॉक्टरांना विचारून, त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा समजावून घेऊन जेवढे पक्के झाले तेवढेच आज सांगणार आहोत.

१६ ऑक्टोबर ही तारीख चंद्रपूरकरांना समजावून सांगावी लागत नाही. १९५६ साली याच तारखेला बाबासाहेबांनी आपल्या गावात धम्मदीक्षा दिली. परंतु याच तारखेला, त्याच्या बरोबर ११० वर्षे आधी, १८४६ साली आणखी एक गोष्ट घडली होती. अमेरिकेतील बोस्टन शहरात मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने एका रोग्याला ईथरची वाफ हुंगविली आणि वॉरन नावाच्या सर्जनने त्याच्या जबड्याखालची गाठ कापली. रोगी ओरडला नाही. त्याआधी शस्त्रक्रिया म्हणजे चार माणसांनी रोग्याला धरून ठेवायचे आणि सर्जनने जमेल तितक्या घाईने कापायचे, अशी अवस्था होती. म्हणून जगभर १६ ऑक्टोबर हा भूल दिन म्हणून पाळतात. हा योगायोग आहे, त्यात अधिक काही शोधू नये. पण आपल्याला लक्षात ठेवायला ही तारीख सोपी आहे.

आता आमच्या घरातील गोष्ट. आमचा एक भाचा आहे. वय चोवीस. त्याला लहानपणापासून सिकलसेलचा आजार. सिकलसेलमध्ये रक्तातील तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यामुळे पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाण जास्त असते. याच्याही पित्ताशयात खडे झाले. पोटात वारंवार कळा येऊ लागल्या. डॉक्टरांनी दुर्बिणीने शस्त्रक्रिया करायचे ठरविले. तारीख मिळाली. आम्ही रजा टाकली. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर बाई तपासायला आल्या. त्यांनी छाती पाहिली, रक्ताचे कागद पाहिले आणि म्हणाल्या, "तोंड उघड, बाबू."

त्याने उघडले.

"अजून उघड."

"एवढंच उघडते, मॅडम."

बाईंनी त्याचाच हात धरला आणि म्हणाल्या, "तुझी तीन बोटं उभी करून तोंडात घाल बरं." तीन बोटे गेली नाहीत. दोन गेली नाहीत. एक बोट गेले आणि दुसरे अर्धे अडकले. बाईंनी गालाच्या आतून बोट फिरवून पाहिले आणि शांतपणे विचारले, "दिवसाला किती खर्रे खातोस?"

तो आमच्याकडे पाहू लागला. आम्ही खाली पाहिले. कारण खरे सांगायचे तर, तो सातवी-आठवीत असताना पानठेल्यावरून आमचा खर्रा आणायला आम्हीच त्याला पाठवत होतो. "मामाचा खर्रा घेऊन ये" म्हणून त्याच्या हातात पैसे ठेवत होतो. पुढे त्याने स्वतःसाठी कधी घेतला, हे आम्हांला कळलेही नाही. कळले असते तरी आम्ही कोणत्या तोंडाने रागावलो असतो?

शस्त्रक्रिया त्या दिवशी झाली नाही. बाई म्हणाल्या, "या तोंडातून नेहमीची नळी जाणार नाही. यासाठी वेगळी दुर्बीण आणि ती चालविणारा हात लागतो. नागपूरला जा." चंद्रपूर ते नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. आमच्या मनात पहिला विचार आला तो असा, की पोटाची शस्त्रक्रिया आणि तोंड का पाहता? तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आत्ता हाच प्रश्न असेल. या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचे भाषण.

भूल म्हणजे झोप, असे आपण समजतो. झोपेत मनुष्य स्वतःचा श्वास स्वतः सांभाळतो. कूस बदलतो, खोकतो, तोंडात पाणी आले तर गिळतो. पूर्ण भूल दिल्यावर यातले काही उरत नाही. स्नायू सैल पडतात. जीभ हाही स्नायूच. ती मागे घशात पडते आणि श्वासाची वाट बंद होते. पोटातले अन्न किंवा आम्ल वर आले तर खोकला येत नाही आणि ते सरळ फुप्फुसात जाऊ शकते. त्यात पोटाच्या शस्त्रक्रियेत स्नायू पूर्ण सैल करण्याचे औषध देतात, मग छातीही हलत नाही. म्हणजे सर्जन पोटात काम करीत असताना रोग्याचा प्रत्येक श्वास दुसऱ्या कोणालातरी त्याच्यासाठी घ्यावा लागतो. ते काम भूलतज्ज्ञाचे. शस्त्रक्रिया संपेपर्यंत ते रोग्याच्या उशाशी असतात. आपण मात्र सर्जनचे नाव पाठ ठेवतो आणि भूल कोणी दिली हे विचारतही नाही.

ही वाट उघडी ठेवण्यासाठी माणसाने काय काय केले, त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. सुरुवातीला रुमालावर क्लोरोफॉर्म शिंपडून नाकावर धरीत. किती गेले याचे माप नसे आणि माणसे दगावत. रोगी मरतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, यावर मोठा वाद झाला. तो सोडविण्यासाठी निजामाच्या पैशाने हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग बसले. आपला राजुरा तालुका त्या काळी निजामाच्याच राज्यात होता. तेथील डॉ. लॉरी यांचे म्हणणे असे, की नाडी पाहत बसू नका, श्वासाकडे लक्ष ठेवा. क्लोरोफॉर्म हृदयालाही थेट धोका करतो हे पुढे सिद्ध झाले, तेव्हा त्यांचे म्हणणे अर्धेच खरे ठरले. पण श्वासावरची नजर हलवू नका, हा धडा टिकला. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दूनजी या बाई क्लोरोफॉर्म देण्याचे काम करीत. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. आमच्या विद्यार्थिनींनी हे नाव लिहून घ्यावे.

तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याचे श्रेय स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या मॅकइवेन या सर्जनकडे जाते. साल १८७८. रोग्याला जिभेच्या मुळाशी कर्करोग होता. तोपर्यंत अशा रोग्याचा गळा बाहेरून कापून श्वासाला वाट करून देत. मॅकइवेनने आधी मृतदेहांवर सराव केला आणि मग रोगी जागा असतानाच, बोटांनी चाचपत तोंडातून नळी श्वासनलिकेत सरकविली. क्लोरोफॉर्म त्यानंतर दिला. नळी आधी आणि भूल नंतर, हा क्रम ध्यानात ठेवा. आमच्या भाच्याच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

पुढे पहिल्या महायुद्धात हजारो सैनिकांचे चेहरे फुटले. इंग्लंडमध्ये सिडकप येथे गिलीज नावाचे सर्जन त्यांची तोंडे पुन्हा घडवीत. आता जिथे शस्त्रक्रिया चेहऱ्यावरच, तिथे नाकावर मुखवटा धरणार कसा? मॅगिल आणि रोबोथम या दोघा भूल देणाऱ्यांनी रबरी नळ्या नाकातोंडातून घालायला सुरुवात केली. मॅगिल दुकानातून रबरी नळीचे वेटोळे आणून तिचे तुकडे स्वतः कापीत. वेटोळ्यात राहून नळीला जो बाक आला होता तोच घशाच्या बाकाला जुळला. नंतर या नळीच्या टोकाशी फुगा बसविला गेला. फुगविला की श्वासनलिकेत नळीभोवतीची फट बंद होते आणि पोटातले काही आत जात नाही. अमेरिकेतील गुडेल या डॉक्टरांनी याची खात्री लोकांना पटविण्यासाठी आपल्या कुत्र्याला भूल देऊन, फुग्याची नळी घालून, पाण्याने भरलेल्या टाकीत बुडवून दाखविले. कुत्रा नंतर उठला आणि अंग झटकून चालू लागला. ही १९२० च्या दशकातली गोष्ट आहे.

येथपर्यंत प्रश्न जीव वाचविण्याचा होता. नंतर दुसरा प्रश्न आला. नळी जीव वाचविते हे खरे, पण ती माणसाला बसते का? बूट पायात गेला म्हणजे तो मापाचा झाला असे नाही. चालल्यावर कळते. जुन्या लाल रबरी नळीचा फुगा छोटा आणि ताठ असे. तो श्वासनलिकेच्या भिंतीवर एकाच जागी जोराने दाबे. तिथला रक्तपुरवठा तुटे आणि आत जखम होई. १९७० च्या दशकापासून मोठा, पातळ आणि कमी दाबाचा फुगा असलेल्या प्लास्टिकच्या नळ्या रूढ होत गेल्या. आज फुग्याचा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटीमीटरच्या दरम्यान ठेवावा असे मानतात. कमी झाला तर गळती, जास्त झाला तर इजा. बोटांनी फुगा दाबून हा अंदाज नीट येत नाही, त्यासाठी लहानसे दाबमापक मिळते. शिवाय नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू वापरला तर तो हळूहळू फुग्यात शिरतो आणि दाब आपोआप वाढतो. म्हणून एकदा मोजून भागत नाही, मधून मधून पाहावे लागते. आम्ही रोकड मोजणारे लोक. एकदा मोजलेली रक्कम पुन्हा मोजण्याचे महत्त्व आम्हांला कोणी शिकवायला नको.

मापाचेही तसेच. पुरुषाला साधारण ८ ते ८.५ मिलिमीटर आतील व्यासाची नळी, स्त्रीला ७ ते ७.५ ची, असा ठोकताळा आहे. मुलांसाठी हिशेब सोपा: वयाला ४ ने भागा आणि त्यात ४ मिळवा. म्हणजे ८ वर्षांच्या मुलाला बिनफुग्याची नळी ६ ची. पण हा अंदाजच. भूलतज्ज्ञ त्याच्या एक अंक खालची आणि एक अंक वरची नळीही जवळ तयार ठेवतात. तेंदूपाने तोडून घर चालविणारी आमची अडतीस-चाळीस किलोची बाई आणि शहरातला धष्टपुष्ट माणूस यांच्या घशाचे माप एक नसते. गरजेपेक्षा जाड नळी घातली तर नंतर घसा अधिक दुखतो, हे अनुभवाने सिद्ध आहे.

नळी श्वासनलिकेत न घालताही वाट उघडी ठेवता येईल काय, हा विचार लंडनमध्ये आर्ची ब्रेन नावाच्या डॉक्टरांनी १९८१ साली केला. दातांच्या शस्त्रक्रियेत नाकावर बसविण्याचा एक रबरी मुखवटा असे. त्याच्या कडेला फुगणारी गादी होती. ब्रेन यांच्या मनात आले, की हीच गादी नाकाऐवजी आत, स्वरयंत्राच्या तोंडावर बसविली तर? त्यांनी मृतदेहांच्या घशांचे प्लास्टरचे साचे काढले, आकार पाहिला आणि एकामागून एक कितीतरी नमुने हाताने बनविले. १९८८ साली तो 'लॅरिंजियल मास्क' बाजारात आला. पुढे २००७ साली 'आय-जेल' नावाचा प्रकार आला. त्यात फुगा नाहीच. मऊ पदार्थाचाच घशाच्या आकाराचा साचा आहे. या साधनांनी घसा कमी दुखतो. वजनाप्रमाणे त्यांचे क्रमांक असतात. प्रत्येक शस्त्रक्रियेत ती चालत नाहीत. पोट भरलेले असेल तर नळीच बरी. पण यातला विचार पाहा. माणसाचा घसा साधनासाठी वाकवायचा नाही, साधन घशाप्रमाणे घडवायचे. दीडशे वर्षांच्या या धडपडीचे सार आम्हांला हेच वाटते.

हे सगळे परदेशातच घडले असे समजू नका. डॉ. मंदाकिनी आमटे या भूलशास्त्र शिकलेल्या डॉक्टर. त्या आणि डॉ. प्रकाश आमटे १९७३ साली भामरागडकडील हेमलकसा येथे गेले. सुरुवातीची कित्येक वर्षे तिथे वीज नव्हती. अशा ठिकाणी भूल देणाऱ्याजवळ मुख्य साधन म्हणजे स्वतःचे डोळे, कान आणि हात. आपल्या जंगलपट्टीत भूलतज्ज्ञाचे मोल काय, हे यावरून ओळखावे.

आता सांगा, माणसाच्या घशाप्रमाणे साधन घडविण्यासाठी इतकी माणसे झिजली. आणि आपण काय केले? आपण वाटच बंद करीत आणली.

खर्रा म्हणजे काय हे चंद्रपूर-गडचिरोलीत सांगण्याची गरज नाही. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घातले आणि घोटले. तंबाखूचे दुष्परिणाम आपण ऐकले आहेत. सुपारीला मात्र आपण निरुपद्रवी समजतो. सुपारीतील द्रव्यामुळे गालाच्या आतील मऊ कातडीखाली चिवट तंतू साठू लागतात. गाल आतून पांढुरके, ताठ होतात. तिखट सोसत नाही. शिट्टी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही. आणि तोंड हळूहळू मिटत जाते. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केनियातील भारतीय वंशाच्या स्त्रियांमध्ये हा आजार पाहिला. १९५३ साली आपल्या देशातील डॉ. जोशी यांनी कातडीखालील तंतूंवरून त्याला नाव दिले. इंग्रजीत त्याला 'सबम्युकस फायब्रोसिस' म्हणतात. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. गडचिरोलीत २०१६ पासून शासन, डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून दारू-तंबाखूविरुद्ध 'मुक्तिपथ' चालविले. तरीही पानठेल्यावर खर्रा घोटणारा हात थांबलेला नाही, कारण खाणारे तोंड थांबलेले नाही.

निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. नेहमीच्या पद्धतीत भूलतज्ज्ञाला तोंडात दिव्याचे पाते घालावे लागते, त्याने जीभ बाजूला सारावी लागते, त्यातून स्वरयंत्र डोळ्यांनी दिसावे लागते आणि उरलेल्या जागेतून नळी न्यावी लागते. दीड बोटाच्या फटीतून हे जमत नाही. आय-जेल आणि मास्कही त्या फटीतून जाणे कठीण. आणि रोग्याला आधीच गुंगी आणून स्नायू सैल केले असतील, आणि मग नळी जात नाही असे लक्षात आले, तर? श्वास थांबलेला आहे आणि आत जायला वाट नाही. भूलतज्ज्ञांना सर्वांत भय वाटते ते या घटकेचे. पुन्हा पुन्हा प्रयत्न केले तर घसा सुजतो आणि होती ती वाटही जाते. मग गळ्याला बाहेरून छेद देऊन वाट करावी लागते. त्या बाईंनी आमच्या भाच्याला परत पाठविले तेव्हा आम्हांला राग आला होता. आज वाटते, त्यांनी तीन बोटे मोजली नसती तर आमची बहीण आज कोणाचे तोंड पाहत असती?

त्यात त्याला सिकलसेल. १९५८ साली नागपूरचे डॉ. शुक्ल आणि डॉ. सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलवर लिहिले. आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार किती आहे, हे येथे बसलेल्या अनेक घरांना ठाऊक आहे. सिकलसेलच्या रोग्याला प्राणवायू कमी पडला, थंडी लागली किंवा शरीरातले पाणी कमी झाले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्या तुंबतात. म्हणजे दुसऱ्या माणसाला जो विलंब कदाचित निभावेल, तोच याच्या जिवावर बेतू शकतो. सिकलसेल त्याने निवडला नव्हता, तो आई-बापाकडून आला. पण बंद होणारे तोंड आम्ही त्याच्या हातात पैसे ठेवून त्याला दिले.

नागपुरात काय झाले ते आता सांगतो, कारण त्याने बरीच भीती जाईल. तेथील भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी अर्धा तास त्याच्याजवळ बसले. म्हणाले, "बेटा, नळी तू जागा असतानाच घालणार आहे. दुखणार नाही, पण विचित्र वाटेल. तुझी मदत लागेल." रात्रीच शिरेतून सलाईन सुरू केले, अंगावर गरम पांघरूण ठेवले. सकाळी नाकात थेंब टाकले, घसा बधिर करणारे औषध वाफेतून दिले. थोडी गुंगी दिली, पण शुद्ध ठेवली. नाकाशी प्राणवायू चालू ठेवला. मग पेन्सिलीपेक्षाही बारीक, वाकणारी दुर्बीण नाकातून हळूहळू आत नेली. तिच्यावर नळी आधीच ओवलेली होती. भाचा सांगतो, "मामा, डॉक्टर सारखे बोलत होते. आता मोठा श्वास घे, आता खोकला येईल, घाबरू नको." दुर्बीण श्वासनलिकेत पोहोचल्यावर तिच्यावरून नळी सरकविली. नळी स्वरयंत्रातून गेली तसा त्याचा आवाज गेला. नळीतून येणारा कार्बन डायॉक्साइड यंत्रावर दिसला, म्हणजे नळी बरोबर जागी आहे याची खात्री झाली, आणि मगच त्याला पूर्ण झोपविले. नळी आधी आणि भूल नंतर. १८७८ साली मॅकइवेनने बोटांनी नळी घातली, १९६७ साली लंडनच्या मर्फी नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा दुर्बिणीने घातली आणि आमच्या भाच्यासाठी ती नागपुरात घातली गेली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. घसा आणि नाक दोन दिवस दुखले, आवाज घोगरा होता, मग सुटला. तोंड मात्र आजही दीड बोटच उघडते. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आहे. आईस्क्रीमच्या चपट्या काड्या दातांत एकावर एक ठेवून रोज थोडे तोंड उघडायचे आणि हळूहळू काड्या वाढवायच्या. खर्रा कायमचा बंद. पूर्वीसारखे तोंड होईल असे वचन कोणी दिले नाही. आजार लवकर ओळखला आणि खाणे तिथेच थांबविले तर पुढची हानी टळते, एवढे मात्र निश्चित.

आम्हीही सोडला. भाचा दवाखान्यात असताना सोडला. काउंटरच्या ड्रॉवरमध्ये खर्र्याची पुडी असायची, तिथे आता लवंग-बडीशेपेची डबी आहे. पहिले पंधरा दिवस कठीण गेले, हे लपवीत नाही.

मित्रहो, नुसते ऐकून जाऊ नका. काही गोष्टी गाठीला बांधून न्या. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा त्यांच्यापासून काही लपवू नका. खर्रा, तंबाखू, दारू, दमा, घोरणे, हलणारा दात, कवळी, आधी भूल दिली तेव्हा काही त्रास झाला असेल तो, सगळे सांगा. ते आपले पोलिस नव्हेत. सिकलसेलचे कार्ड असेल तर सोबत न्या आणि स्वतः दाखवा. तपासणी झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. उपाशी राहायला सांगितले तर उपाशीच राहा. साधारण नियम असा, की अन्न सहा तास आधी बंद आणि साधे पाणी दोन तासांपर्यंत चालते, पण तुमचे डॉक्टर सांगतील तेच खरे. पोराला दया येऊन लपून बिस्कीट देणारी आजी त्याच्यावर दया करीत नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी तोंडात खर्रा, सुपारी, गोळी काही ठेवू नका. आणि विचारायला लाजू नका: भूल कोणती देणार? नळी घालणार का? माझे तोंड तपासले का? नंतर एक-दोन दिवस घसा दुखला तर घाबरू नका. आवाज आठवड्यानंतरही बसलेला राहिला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर मात्र ताबडतोब परत जा.

विद्यार्थी मित्रांना एक काम सांगतो. आत्ता, येथेच, आपली तीन बोटे उभी करून तोंडात घालून पाहा. हसू नका, पाहा. ज्यांची गेली त्यांनी ही वाट जपावी. ज्यांची जात नाहीत त्यांनी कार्यक्रम संपल्यावर आम्हांला भेटावे. आम्ही रागावणार नाही, तो अधिकार आम्ही गमावला आहे. फक्त सोबत दंत विभागात येऊ, रांगेत बसू. आणि ज्यांना शिकून पुढे जायचे आहे, त्यांनी भूलशास्त्राचाही विचार करावा. भामरागड, एटापल्ली, जिवतीकडच्या माणसाला दीड बोटाच्या तोंडातून श्वास पोहोचविणारे हात येथूनच घडले पाहिजेत.

संस्थेला आमची विनंती आहे. दरवर्षी वह्या वाटपाच्या कार्यक्रमात एक टेबल तीन बोटांच्या तपासणीचे ठेवावे. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. दंतवैद्य मिळाले तर उत्तम, न मिळाले तर ज्यांची बोटे अडकली त्यांची नावे घेऊन त्यांना दवाखान्यापर्यंत नेण्याचे काम आपले कार्यकर्ते करतील. आणि मोठ्या माणसांना एवढेच, की कोणत्याही मुलाला पानठेल्यावर पाठवू नका. आपला खर्रा आपण आणावा, आणि तो आणायला जाताना आमचा भाचा आठवावा.

डॉक्टरांनी आपापल्या परीने नळी मऊ केली, फुगा सैल केला, दुर्बीण बारीक केली. तोंड उघडे ठेवणे एवढे काम त्यांनी आपल्याकडे ठेवले आहे. ते आपण करू या.